वेळ पाळणारा डोळा

पिकलेल्या केळ्यांवर घिरट्या घालणारी तांबड्या डोळ्यांची बारीकशी माशी सगळ्यांनी पाहिलेली असते. ही फळमाशी, शास्त्रीय नाव ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर. तिचा डोळा उजाडताना, भर दुपारी आणि दिवेलागणीला बाहेरून सारखाच दिसतो. डोळ्यामागे मेंदूच्या वाटेवर जो पहिला थर लागतो, त्याचं मात्र तसं नाही. तिथल्या चेतापेशी दिवसातल्या ठरावीक वेळी जाड होतात आणि पुन्हा बारीक होतात. त्यांच्या फांद्या लांबतात, आखडतात. एका पेशीचा निरोप जिथून दुसरीला जातो त्या जागांवरची प्रथिनं वाढतात, घटतात. माशीला चोवीस तास मिट्ट अंधारात ठेवलं, तरी यातलं बरंचसं आपापल्या वेळी होत राहतं. ज्या अवयवाचं कामच उजेडावर चालतं, तो उजेड नसतानाही वेळ पाळतो.

हे कसं होतं ते पाहायचं तर आधी डोळा समजून घ्यायला हवा, मग घड्याळ, आणि शेवटी या दोघांमधली ये-जा. एक खुलासा मात्र सुरुवातीलाच केलेला बरा. आंबा-पेरूच्या बागायतदारांना जिच्यासाठी मिथाइल युजेनॉलचे सापळे लावावे लागतात, ती फळमाशी वेगळ्या कुळातली. आपली माशी जेमतेम तीन मिलिमीटरची. ती आंबू लागलेल्या फळावर येते आणि तिथल्या यीस्टवर जगते. खोलीच्या उबेत अंड्यापासून माशी व्हायला तिला दहाएक दिवस पुरतात. म्हणूनच शंभराहून अधिक वर्षं आनुवंशिकीच्या प्रयोगशाळांत तिला बाटल्यांमध्ये वाढवलं जात आहे.

डोळ्यातून मेंदूकडे

माशीचा प्रत्येक मोठा डोळा सुमारे ७५० ते ८०० नेत्रिकांचा बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिकेला स्वतःचं भिंग असतं आणि त्याखाली आठ प्रकाशग्राही पेशी. शास्त्रज्ञ त्यांना आर-१ ते आर-८ म्हणतात. आर-१ ते आर-६ या बाहेरच्या सहा पेशी अंधूक उजेडातही काम करतात आणि हालचाल टिपतात. आर-७ आणि आर-८ या आतल्या दोन पेशी रंगांसाठी असतात. आर-७ अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देते, तर आर-८ निळ्या किंवा हिरव्याला.

प्रकाशग्राही पेशीत ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य ठासून भरलेलं असतं. त्यावर प्रकाशाचा एक कण पडला, की रासायनिक अभिक्रियांची साखळी सुरू होते. तिच्या शेवटी पेशीच्या आवरणातल्या वाहिन्या उघडतात, धनभारित आयन आत शिरतात आणि विद्युत-संकेत तयार होतो. हा सगळा कारभार काही मिलिसेकंदांत उरकतो. संकेत पेशीच्या दुसऱ्या टोकाला पोचला, की तिथून हिस्टामिन सुटतं. ॲलर्जीत आपल्याला खाज आणणारं हिस्टामिन ते हेच. माशीच्या डोळ्यात ते निरोप्याचं काम करतं.

हा निरोप घेणाऱ्या पेशी ‘लॅमिना’ नावाच्या थरात असतात. या लेखातल्या बहुतेक घडामोडी याच थरातल्या असल्यामुळे तो जरा जवळून पाहू. लॅमिनाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर एकसारख्या गोल जुडग्यांच्या रांगा दिसतात. जितक्या नेत्रिका, साधारण तितकी जुडगी. एका जुडग्याच्या कडेला सहा प्रकाशग्राही पेशींची टोकं गोलाकार मांडलेली असतात. ही सहा टोकं एकाच नेत्रिकेतली नसतात. शेजारशेजारच्या सहा नेत्रिकांमधली प्रत्येकी एक पेशी, जी बाहेरच्या एकाच बिंदूकडे रोखलेली असते, ती इथे येऊन मिळते. एका बिंदूची सहा पेशींनी घेतलेली नोंद एका जागी जमा होते आणि अंधूक उजेडातही संकेत ठळक उमटतो.

जुडग्याच्या मध्यभागी दोन जाड चेतातंतू उभे असतात, एल-१ आणि एल-२. सहा टोकांचा निरोप मुख्यतः हेच दोघे घेतात. उजेड वाढल्याची बातमी पुढे नेणारी वाट एल-१ पासून सुरू होते आणि उजेड कमी झाल्याची एल-२ पासून. समोरून काही सरकलं, कुणी हात उगारला, हे माशीला कळतं ते या दोन वाटांवरच्या बातम्यांवरून. जुडग्याभोवती ग्लिया पेशींचं कुंपण असतं. चेतापेशींचं पोषण करणं, सुटलेलं हिस्टामिन उचलून साफसफाई ठेवणं, आयनांचा समतोल राखणं ही कामं त्यांच्याकडे असतात. लॅमिनाच्या पुढे मेड्युला आणि त्यापुढे लोब्युला हे थर लागतात. मेड्युलाच्या कडेला ‘उपमेड्युला’ नावाचा एक चिमुकला भाग आहे. घड्याळाच्या गोष्टीत तो पुन्हा येईल.

घड्याळ चालतं कसं

१९७१ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रोनाल्ड कोनोप्का हा विद्यार्थी आणि त्याचे मार्गदर्शक सीमोर बेंझर यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. फळमाशी कोषातून बाहेर पडते ती मुख्यतः पहाटे-सकाळी. या दोघांनी रसायन वापरून माश्यांच्या जनुकांत बदल घडवले आणि वेळ चुकवणाऱ्या माश्या शोधल्या. तीन प्रकार हाती लागले. एका प्रकारात लयच नव्हती, दुसऱ्याचा दिवस १९ तासांचा होता आणि तिसऱ्याचा २८ तासांचा. तिन्ही बिघाड एकाच जनुकातले निघाले. त्या जनुकाला ‘पीरियड’ हे नाव मिळालं. वेळेचं भान एका विशिष्ट जनुकापर्यंत नेऊन दाखवता येतं, हे तेव्हा अनेकांना पटत नव्हतं. कोषातून बाहेर पडण्याच्या याच लयीवर पुढे भारतातही काम झालं. महाराष्ट्रात अहमदनगर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने ड्रोसोफिला अननासी या जातीच्या माश्या वेगवेगळ्या अक्षांशांवरून गोळा केल्या आणि त्यांच्या लयींतले फरक तपासले.

१९८४ मध्ये ‘पीरियड’ जनुक वेगळं काढण्यात यश आलं. ब्रँडाइस विद्यापीठात जेफ्री हॉल आणि मायकेल रॉसबॅश यांनी, तर रॉकफेलर विद्यापीठात मायकेल यंग यांनी ते साधलं. यंग यांच्या प्रयोगशाळेतून १९९४ मध्ये ‘टाइमलेस’ हे दुसरं जनुक पुढे आलं. त्या कामात मूळच्या भारतीय शास्त्रज्ञ अमिता सहगल यांचा मोठा वाटा होता. हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या घड्याळात काटे नाहीत, चक्रं नाहीत. आहे ती प्रथिनांची फेरी. ती चोवीस तासांच्या क्रमाने अशी चालते.

दुपारपासून पेशीच्या केंद्रकात ‘क्लॉक’ आणि ‘सायकल’ ही प्रथिनं जोडीने ‘पीरियड’ आणि ‘टाइमलेस’ या जनुकांना चालू करतात. जनुकांच्या संदेशप्रती तयार होऊ लागतात आणि संध्याकाळ उलटताना त्यांचं प्रमाण सर्वाधिक होतं. संदेशावरून प्रथिन मात्र लगेच साठत नाही. पीरियड प्रथिन तयार होतं न होतं तोच ‘डबलटाइम’ नावाचं विकर त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि पेशी ते मोडून टाकते. टाइमलेस प्रथिन येऊन जोडलं गेलं, तरच पीरियड टिकतं. ही जोडी जमून पुरेशी साठेपर्यंत रात्र चढलेली असते. मग ती केंद्रकात शिरते आणि ज्यांनी आपल्याला जन्माला घातलं त्या क्लॉक-सायकल जोडीचंच काम थांबवते. नव्या संदेशप्रती बनणं बंद होतं. पहाटेनंतर टाइमलेस मोडतं, त्याच्या आधाराविना पीरियडही विरतं. अडथळा दूर होतो आणि दुपारी फेरी पुन्हा सुरू होते.

फेरीला चोवीस तास लागतात ते मुद्दाम घातलेल्या या विलंबांमुळे. डबलटाइममुळे पीरियड मोडत राहतं, म्हणून ते साठायला इतके तास लागतात. कोनोप्का-बेंझर यांच्या १९ तासवाल्या माशीत पीरियड प्रथिनात एका ठिकाणी बदल झाला होता, एवढ्यानेच सगळा हिशेब चुकला.

एक घड्याळ नव्हे, अनेक

ही फेरी माशीच्या मेंदूतल्या ठरावीक चेतापेशींत चालते. या घड्याळ-चेतापेशींची संख्या दीडशेच्या आसपास मानली जात असे. मेंदूच्या जोडण्यांचा संपूर्ण नकाशा हाती आल्यावर ती दोनशेच्या वर गेली. एकूण मेंदूत सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी आहेत, हे लक्षात घेतलं तर हा गट किती लहान आहे ते कळेल. त्यातल्या बाजूच्या काही पेशी ‘पीडीएफ’ नावाचं छोटं प्रथिन सोडतात आणि बाकीच्यांना एका ठेक्यात ठेवतात. या पेशींचे दोन आकार आहेत. लहान पेशी आपले तंतू मेंदूच्या वरच्या भागाकडे पाठवतात. मोठ्या पेशी मेड्युलाच्या पृष्ठभागावर, म्हणजे थेट दृष्टीच्या वाटेवर, जाळं पसरतात. दोन्हींचं बिऱ्हाड त्या उपमेड्युलाच्या आसपास आहे.

मात्र घड्याळ मेंदूपुरतं नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पीरियड प्रथिन कुठे कुठे आहे हे रंगवून पाहिलं, तेव्हा ते डोळ्यातल्या प्रकाशग्राही पेशींतही सापडलं आणि ग्लियांतही. तिथेही ते रात्री वाढतं आणि दिवसा घटतं. १९९७ मध्ये माशीच्या शरीरात काजव्याचं चमकणारं विकर घालून केलेल्या प्रयोगांनी दाखवलं, की शरीराचे सुटे केलेले भागही स्वतःची लय चालवतात आणि उजेडाने ती लावूनही घेतात. प्रकाशग्राही पेशीचं घड्याळ तिचं स्वतःचं आहे. ते चालायला मेंदूच्या परवानगीची गरज नाही.

उजेड घड्याळापर्यंत पोचतो कसा

कुठलंही जैविक घड्याळ नेमकं चोवीस तासांचं नसतं, म्हणून ते रोज लावावं लागतं. फळमाशीकडे त्यासाठी तीन वाटा आहेत.

पहिली वाट आहे ‘क्रिप्टोक्रोम’ हे प्रथिन. १९९८ मध्ये माशीत त्याची ओळख पटली. ते निळा प्रकाश शोषतं आणि ते थेट घड्याळ-पेशींच्या आतच असतं. माशीचं कवच इतकं पातळ, की उजेड त्यातून मेंदूपर्यंत पोचतो. प्रकाश शोषला की क्रिप्टोक्रोमचा आकार बदलतो, ते टाइमलेसला पकडतं आणि ‘जेटलॅग’ नावाच्या प्रथिनाच्या मदतीने टाइमलेस मोडण्यासाठी रवाना होतं.

एवढ्या एका घटनेतून घड्याळ मागेही जातं आणि पुढेही, ते कसं हे थांबून पाहण्याजोगं आहे. रात्रीच्या पहिल्या प्रहरी अवेळी उजेड पडला तर टाइमलेस मोडतं. पण तेव्हा संदेशप्रती भरपूर असतात, त्यामुळे पेशी पुन्हा नवं टाइमलेस बनवते. त्यात काही तास जातात आणि घड्याळ मागे पडतं. तोच उजेड पहाटेच्या आधी पडला, तर मोडलेलं टाइमलेस भरून काढायला संदेशप्रतीच उरलेल्या नसतात. अडथळा लवकर दूर होतो, फेरी लवकर सुरू होते आणि घड्याळ पुढे जातं. उजेड तोच, रसायन तेच; परिणाम कोणत्या दिशेने होणार, ते फेरी कुठे आली आहे त्यावर ठरतं.

दुसरी वाट आहे मोठे संयुक्त डोळे. त्यांतल्या सगळ्या प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी या कामाला हातभार लावतात. तिसरी वाट बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही. डोळ्याच्या मागच्या कडेला, आवरणाखाली, अवघ्या चार प्रकाशग्राही पेशींचा एक पुंजका असतो. त्याला हॉफबाउअर-बुख्नर नेत्रिका म्हणतात. अळीला मोठे डोळे नसतात, तिचं भागतं ते एका साध्या प्रकाशग्राही अवयवावर. अळीची माशी होताना त्या अवयवाचा जो अंश उरतो, तो म्हणजे हा पुंजका. त्याचे तंतू चित्र बनवणाऱ्या थरांकडे वळत नाहीत, सरळ उपमेड्युलात घड्याळ-पेशींजवळ जाऊन थांबतात. या चार पेशींना काही दाखवायचं नसतं; दिवस आहे की रात्र, एवढंच त्या घड्याळाला कळवतात.

या वाटा वेगळ्या कशा केल्या, त्याचं तंत्र साधं आहे. पाच मिलिमीटर रुंदीच्या काचेच्या नळीत एक माशी सोडायची. एका टोकाला साखर घातलेलं अगार, दुसऱ्या टोकाला कापसाचा बोळा. नळीच्या मधोमध अवरक्त किरण आडवा सोडायचा. हा प्रकाश माशीला दिसत नाही. माशी नळीत इकडून तिकडे गेली, की किरण तुटतो आणि संगणकात एक नोंद पडते. अशा नळ्या रांगेने लावून आठवडाभर नोंदी घेतल्या, की प्रत्येक माशीची दिनचर्या कागदावर उमटते. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार अशा वेळापत्रकात निरोगी माशी सकाळी व संध्याकाळी खूप हिंडते आणि दुपारी विश्रांती घेते. दिवा लागण्याच्या आधीच तिची हालचाल वाढू लागते. पीरियड बिघडलेली माशी दिवा लागल्यावर दचकते, पण त्याच्या आधी हलत नाही.

या नळ्यांत एकेक वाट बंद केलेल्या माश्या ठेवल्या गेल्या. डोळ्यांची रासायनिक साखळी तोडलेली, म्हणजे आंधळी माशी दिवस-रात्रीशी जुळवून घेते, कारण क्रिप्टोक्रोम शाबूत असतं. क्रिप्टोक्रोम बिघडलेली माशीही जुळवून घेते, कारण डोळे शाबूत असतात. तिला सतत प्रखर उजेडात ठेवलं, तरी तिची लय टिकते. निरोगी माशीची लय अशा उजेडात मोडून जाते. शारलॉट हेलफ्रिश-फ्योर्स्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दोन्ही दोष एकत्र आणले. डोळे नाहीत, पुंजका नाही, क्रिप्टोक्रोमही निकामी. अशा माशीचं घड्याळ चालत राहिलं, पण उजेडाने ते लागेना. तीन वाटांचा हिशेब त्या प्रयोगाने पुरा झाला.

पीडीएफ सोडणाऱ्या मोठ्या पेशी इथे फार महत्त्वाच्या ठरतात. उजेड पडताच त्या जोराने संकेत सोडू लागतात आणि माशीला जागं ठेवतात. २००८ मध्ये हे दाखवणाऱ्या संशोधकांपैकी शीबा वासू पुढे बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये फळमाशीच्या घड्याळ-पेशींवर काम करू लागल्या. २०११ मध्ये टॉड होम्स यांच्या गटाने आणखी एक पायरी उलगडली. या पेशींतलं क्रिप्टोक्रोम घड्याळ लावण्यापुरतं नाही. निळ्या प्रकाशात ते पेशीच्या संकेतांचा वेगही वाढवतं.

घड्याळ डोळ्यात काय बदलतं

आता उलट दिशेने येऊ. १९९० च्या दशकात कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात एल्झबिएटा पिझा आणि इयन माइनर्ट्झहॅगन यांनी माश्यांच्या लॅमिनाचे छेद दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी घेतले आणि एल-१, एल-२ तंतूंची जाडी मोजली. आधी काम घरमाशीवर झालं. तिच्यात हे तंतू दिवसा जाड आणि रात्री बारीक निघाले. फळमाशीत चित्र वेगळं होतं. तंतू दोनदा फुगत होते, दिवसाच्या सुरुवातीला आणि रात्रीच्या सुरुवातीला. घरमाशी दिवसभर हिंडते आणि फळमाशी सकाळ-संध्याकाळ. ज्या वेळी माशीला डोळ्यांचं काम जास्त, त्याच सुमारास तिचे हे तंतू जाड असतात.

जाडी बदलली एवढ्याने घड्याळ सिद्ध होत नाही. उजेडाने पेशीला थेट चेतवलं, म्हणूनही ती फुगू शकते. डोळ्यात असे थेट परिणाम असतातही. प्रकाशग्राही पेशीतल्या काही वाहिन्या उजेड पडला की आवरणातून आत सरकतात आणि अंधारात परत जागेवर येतात. तिथे घड्याळाचा प्रश्न येत नाही. म्हणून कसोटी दोन पायऱ्यांची असते. माश्यांना सतत अंधारात ठेवायचं आणि बदल चालू राहतो का ते पाहायचं. मग पीरियड बिघडलेल्या माश्या घ्यायच्या आणि बदल थांबतो का ते पाहायचं. एल-१ आणि एल-२ दोन्ही पायऱ्यांवर खरे उतरले. अंधारात फुगणं-आकसणं चालू राहिलं. पीरियडविना ते थांबलं.

पुढे पोलंडमधल्या क्राकूच्या यागिएलोनियन विद्यापीठात पिझा यांच्या गटाने तपशील भरत नेला. एल-२ पेशीत हिरवं चमकणारं प्रथिन घालून तिच्या फांद्या मोजल्या, तर त्यांचा पसारा दिवसाच्या सुरुवातीला सर्वांत मोठा निघाला. ग्लिया पेशी एल-१, एल-२ च्या उलट चालतात. तंतू फुगले की त्या आकसतात. आयनांची ने-आण करणारे सोडियम-पोटॅशियम पंप या ग्लियांत कमी-जास्त होतात, तेही लयीत. सगळ्यांत बोलका पुरावा मिळाला तो ‘ब्रूखपायलट’ या प्रथिनातून. चेतासंधीत जिथून हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात, तिथे हे प्रथिन असतं. लॅमिनात त्याचं प्रमाण दिवसातून दोनदा शिखर गाठतं, उजाडल्यावर आणि अंधारल्यावर. सतत अंधारात सकाळचं शिखर नाहीसं होतं, संध्याकाळचं टिकतं. याचा अर्थ, सकाळची तयारी उजेडाच्या हाकेवर होते आणि संध्याकाळची घड्याळाच्या.

विशेष म्हणजे एल-१ आणि एल-२ मध्ये स्वतःचं घड्याळ आढळत नाही. मग त्यांना वेळ कोण सांगतं? शेजारी बरेच आहेत. प्रकाशग्राही पेशींत घड्याळ आहे, ग्लियांत आहे आणि मेंदूतल्या पेशी पीडीएफ सोडतात. घरमाशीच्या डोळ्यात पीडीएफच्या जातीचं रसायन टोचलं, तेव्हा तिचे एल-१ आणि एल-२ दिवसासारखे जाड झाले. घड्याळ असलेल्या पेशी मधोमधच्या, घड्याळ नसलेल्या पेशींचा आकार ठरवतात. एका जुडग्यात हे सगळे खेटून बसलेले असतात, म्हणून निरोपाला लांब जावं लागत नाही.

हा प्रकार डोळ्यापुरताच नाही. ब्युनोस आयर्समध्ये फेर्नांदा सेरियानी यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं, की पीडीएफच्या लहान पेशींची टोकं सकाळी फांद्या पसरतात आणि रात्री त्या मिटतात. प्रौढ माशीच्या मेंदूतल्या जोडण्या कायमच्या पक्क्या झालेल्या असतात, ही समजूत त्या चित्रांनी मोडली. मेंदूच्या काही भागांत जोडण्यांची दुरुस्ती रोजच्या रोज होते.

कशासाठी हा खटाटोप

पाहणं हे महागडं काम आहे. प्रकाशग्राही पेशीत शिरलेला प्रत्येक आयन पंपाने बाहेर काढावा लागतो आणि पंपाला ऊर्जा लागते. चेतासंधी सज्ज ठेवायच्या तर प्रथिनं बनवावी लागतात. जिचं सगळं शरीर तीन मिलिमीटरचं, त्या जिवाने ही यंत्रणा दिवसरात्र पूर्ण ताणून ठेवणं परवडणारं नाही. उजेड पडल्यावर तयारीला लागावं, तर प्रथिनं बनून जागेवर पोचेपर्यंत वेळ जातो आणि तेवढ्यात पक्ष्याच्या चोचीत जायची वेळ येते. मृगाचा पाऊस पडायच्या आधी शेतकरी नांगरट-कुळवणी उरकून ठेवतो. पाऊस पडल्यावर औत जुंपलं, तर पेरणीचा वाफसा हातचा जातो. घड्याळ डोळ्याला देतं ती ही आगाऊ मशागतीची सोय.

संध्याकाळचं शिखर घड्याळावर का सोपवलेलं असावं, तेही यातून उमगतं. पहाटेची चाहूल उजेड स्वतः देतो आणि त्याला क्रिप्टोक्रोम तत्काळ प्रतिसाद देतं. संध्याकाळी उजेड हळूहळू ओसरत असतो, ढग आले तर लवकर ओसरतो, आणि माशीच्या हिंडण्याची मोठी वेळ तर तीच असते. ओसरणाऱ्या उजेडावर विसंबून वेळ ओळखणं कठीण. तिथे आतलं घड्याळ जास्त भरवशाचं. क्रिप्टोक्रोम आणि डोळा यांचं नातंही दिसतं त्याहून जवळचं आहे. डोळ्यातली रासायनिक साखळी ज्या प्रथिनाच्या आधाराने एकत्र बांधलेली असते, त्या ‘इनॅड’शी क्रिप्टोक्रोम जोडलं जातं, हे २०१३ मध्ये समजलं. घड्याळ लावणारं प्रथिन पाहण्याच्या यंत्रणेतही हात घालून आहे.

आपल्या डोळ्यांपर्यंत

माणसाच्या शरीरातही पीरियड जनुकाच्या तीन आवृत्त्या आहेत. त्यांतल्या दुसरीत बदल झालेल्या एका कुटुंबाची नोंद २००१ मध्ये झाली; त्या माणसांना संध्याकाळीच झोप अनावर होते आणि पहाटे फार लवकर जाग येते. आपली कवटी जाड, त्यामुळे उजेड मेंदूतल्या घड्याळापर्यंत थेट पोचत नाही. सगळी मदार डोळ्यांवर. तिथे मात्र माशीच्या चार पेशींच्या पुंजक्याचं काम करणाऱ्या पेशी आहेत. दृष्टिपटलातल्या काही थोड्या चेतापेशींत मेलॅनोप्सिन हे रंगद्रव्य असतं. चित्र बनवणं हे त्यांचं मुख्य काम नाही, दिवस आहे की रात्र ते मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवणं हे आहे. २००२ मध्ये हे स्पष्ट झालं. निळसर उजेड त्यांना सर्वांत जास्त चेतवतो. रात्री उशिरापर्यंत मोबाइलच्या पडद्याकडे पाहिल्याने झोप का लांबते, त्याचं एक कारण हे आहे.

दृष्टिपटलाची स्वतःची दिनचर्याही आहे. सस्तन प्राण्यांच्या दृष्टिपटलातल्या दंडपेशी आपल्या टोकाच्या जुन्या चकत्या रोज टाकून देतात. उंदरांच्या दंडपेशींत हे काम उजाडल्यानंतर लगेच सर्वाधिक होतं आणि काही दिवस अंधारात ठेवलं तरी त्याच वेळी होत राहतं, असं १९७६ मध्ये मॅथ्यू लव्हेल यांनी दाखवलं. माशी आणि उंदीर यांच्या डोळ्यांची बांधणी अगदी वेगळी. तरी दोघांच्या डोळ्यांनी देखभालीचं काम वेळेला बांधून घेतलं आहे.

यातून प्रयोगशाळेसाठी एक शिस्त निघते आणि डॉक्टरांसाठी एक प्रश्न. दृष्टीवरच्या प्रयोगात माशीची जात, वय, लिंग, तापमान नोंदवायची पद्धत आहे. त्यांच्या ओळीला वेळही हवी. दिवा लागून किती तास झाले होते, हे न लिहिता दोन प्रयोगशाळांनी एल-२ पेशीची मापं जुळवायला घेतली, तर ती जुळणार नाहीत आणि चूक कुणाचीच नसेल. माणसाच्या डोळ्याची तपासणीही याला अपवाद नाही. डोळ्यातला दाब दिवसभरात वरखाली होतो, हे काचबिंदूच्या रुग्णांना पुष्कळदा सांगितलं जातं. म्हणूनच काही रुग्णांचा दाब वेगवेगळ्या वेळी मोजतात. डोळा पाहिला तो किती वाजता, ही नोंद निष्कर्षाचाच भाग आहे. केळ्यावरच्या माशीने ही गोष्ट पेशीपेशीतून, जनुकापर्यंत जाऊन दाखवून दिली आहे. आता ती आपल्या नोंदवह्यांत उतरायला हवी.